अमिरातींतील जर्बिल : तळव्यावरून पटणारी ओळख

जर्बिल हा कृंतक गणातील लहान, निशाचर प्राणी होय. दुबईतील ऊद मेथासारख्या दाट वस्तीत तो दिसत नाही; मात्र तेथून मोटारीने तासाभरात गाठता येणाऱ्या वाळूच्या टेकड्यांवर सकाळी त्याच्या पावलांचे ठसे आढळतात. संयुक्त अरब अमिरातींतील ‘जर्बिलस’ प्रजातीच्या तीन जाती प्रथमदर्शनी एकच वाटतात.

अधिवास : चीझमनचा जर्बिल सैल वाळूत, बलुची जर्बिल घट्ट, खडेयुक्त वा खारट जमिनीत आणि वॅग्नरचा जर्बिल हाजर पर्वताच्या खडकाळ उतारांवर राहतो.

ओळख : रंग येथे फसवा ठरतो, कारण जर्बिलची फर बहुधा जमिनीच्या रंगाशी जुळती असते. म्हणून अभ्यासक प्रथम मागच्या पायाचा तळवा पाहतात. चीझमनच्या जर्बिलचा तळवा केसाळ, तर इतर दोघांचे उघडे असतात. या दोघांतील भेद कवटीच्या मोजमापांनी व गुणसूत्रांनी निश्चित होतो. गुणसूत्रांची संख्या अनुक्रमे 38, 52 आणि 60 आहे.

जातिभेदाची कारणे : केसाळ तळवा सैल वाळूत रुतत नाही. वेगवेगळ्या जमिनींवर विभागलेल्या समूहांत त्या-त्या जमिनीस अनुकूल गुण पिढ्यानुपिढ्या टिकतात. पुढे गुणसूत्रांची रचना जुळेनाशी झाली, की संकरज संततीची प्रजननक्षमता घटते आणि दुरावा कायम होतो. थरच्या वाळवंटातही बलुची जर्बिलबरोबर केसाळ तळव्याची एक वेगळी जात नांदते. ऑस्ट्रेलियातील अँटेकायनस या शिशुधान प्राण्यांत दुरावा काळानेही राखला जातो : एकाच जंगलातील जवळच्या जातींचे विणीचे हंगाम वेगळे असू शकतात.

नामकरण : वॅग्नरच्या जर्बिलचे वर्णन 1842 मध्ये झाले. बलुची जर्बिलचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम ब्लॅनफर्ड यांनी 1875 मध्ये, तर चीझमनच्या जर्बिलचे ओल्डफील्ड थॉमस यांनी 1919 मध्ये केले.

महत्त्व : बांधकामापूर्वीच्या पाहणीत तिन्ही जातींची नोंद नुसती ‘जर्बिल’ अशी झाली, तर खडेयुक्त मैदान नष्ट झाल्यावरही वाळूतील जर्बिलांच्या संख्येमुळे सारे सुरक्षित असल्याचा भास होतो. तळवा पाहण्याचे कष्ट घेतले, तरच कोणती जात कोठून नाहीशी होत आहे, हे वेळीच कळते.