प्लेगची वाट कोणीं शोधली?

१८९६ सालचा पावसाळा सरत असतां मुंबईच्या मांडवी भागांत एक विलक्षण ताप दिसूं लागला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींचा आणि दाट वस्तीच्या चाळींचा भाग. रोग्यास हुडहुडी भरून ताप येई, जांघेंत किंवा काखेंत गांठ उठे, आणि थोड्याच दिवसांत बहुतेकांचा शेवट होई. गोव्यांत जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं सप्टेंबर महिन्यांत हा गांठीचा प्लेग असल्याचें निदान केलें. पुढील कांहीं महिन्यांत लाखों माणसें शहर सोडून गांवोगांव निघून गेलीं; आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही बाहेर पडला. वीस-पंचवीस वर्षांत या रोगानें हिंदुस्थानांतील एक कोटीच्या आसपास माणसें नेलीं.

रोगाचा जंतु कोणता, हा प्रश्न त्या वेळीं सुटलेला होता. १८९४ सालीं हाँगकाँग येथें अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञानें प्लेगचा जंतु सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ओळखला होता. त्याच सुमारास त्याच शहरीं जपानच्या कितासातो यांनींही तो सांपडल्याचें जाहीर केलें होतें. म्हणजे चोर कोण तें कळलें होतें. तो कोणत्या वाटेनें घरांत शिरतो, तें मात्र कळलें नव्हतें. ही वाट सांपडण्यास आणखी दहा वर्षें लागलीं, आणि त्या दहा वर्षांतील अज्ञानाची किंमत लोकांस फार जबर द्यावी लागली.

वाट ठाऊक नसली म्हणजे सर्वच दरवाजे ठोकावे लागतात. कोणी म्हणे रोग घाणींतून उठतो, कोणी म्हणे दूषित हवेनें पसरतो, कोणी रोग्याच्या स्पर्शास, कोणी कपड्यांस, तर कोणी धान्यास दोष देई. त्यामुळें गटारांत कार्बोलिकचें पाणी सोडण्यांत आलें, भिंतींस चुना फांसण्यांत आला, सामान जाळण्यांत आलें, आणि अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावें म्हणून छपरांचीं कौलेंसुद्धां उतरविण्यांत आलीं. गटारें धुतल्यानें तेथील उंदीर उलट घरांकडेच पळाले असावे, असें पुढें अनेकांस वाटलें. १८९७ सालीं साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांस अमर्याद म्हणावे असे अधिकार मिळाले. पुण्यांत गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगी इस्पितळांत आणि घरचीं माणसें वेगळ्या छावणींत, अशी ताटातूट होऊं लागली. लोक रोगापेक्षां झडतीला अधिक भिऊं लागले आणि आजारी माणसें लपवूं लागले. या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं चापेकर बंधूंनीं प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांत झाला. त्याच साथींत, १० मार्च रोजीं, रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेवला. बळजबरीही झाली आणि आत्मत्यागही झाला. परंतु प्लेग हटला नाहीं, कारण त्याच्या वाटेवर कोणीच उभें नव्हतें.

असें असतांही एक गोष्ट सामान्य माणसांच्या नजरेंतून सुटलेली नव्हती. माणूस आजारी पडण्यापूर्वीं घरांत उंदीर मरून पडतात, हें त्यांनीं पाहिलें होतें. 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द उच्चारले, कीं गांवकरी घराला कुलूप लावून माळावर झोंपड्या बांधीत. हिमालयाच्या पायथ्याशीं गढवाल-कुमाऊंकडील लोकही उंदीर मरूं लागतांच गांव सोडून जात. अधिकाऱ्यांसही उंदीर मरतात हें ठाऊक होतें. परंतु माणसाप्रमाणें उंदरालाही रोग होतो, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळांनीं घेतला. उंदरापासून माणसापर्यंत तो येतो कसा, हा प्रश्न नेटानें विचारणारा मनुष्य अजून यावयाचा होता.

तो मनुष्य म्हणजे पॅरिसच्या पाश्चर संस्थेनें हिंदुस्थानांत पाठविलेला फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ. त्यानें दोन गोष्टी हेरल्या. कांहीं रोग्यांच्या अंगावर कीटक चावल्यासारखा एक बारीक फोड दिसे, आणि त्या फोडांत प्लेगचे जंतु सांपडत. तसेंच, नुकताच मेलेला उंदीर उचलणाऱ्यास रोग जडे. परंतु बराच वेळ पडून थंड झालेला उंदीर उचलणाऱ्यास कांहीं होत नसे. उंदराचें अंग थंड पडलें, कीं त्यावरील पिसवा त्याला सोडून दुसरें ऊबदार शरीर शोधतात, हा त्याचा तर्क. १८९८ सालच्या जून महिन्यांत कराचीस त्यानें काचेच्या एका मोठ्या बरणींत पिसवांसह एक आजारी उंदीर ठेवला आणि त्याच बरणींत जाळीच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांस स्पर्श होणें शक्य नव्हतें. तरीही थोड्याच दिवसांत निरोगी उंदीर प्लेगनें मेला. पिसवा नसलेल्या उंदरांत मात्र रोग असा पसरला नाहीं.

सिमाँनें हा शोध त्याच वर्षीं प्रसिद्ध केला. परंतु विद्वानांस तो पटला नाहीं. इतरांच्या प्रयोगांत तसें फळ दिसेना, आणि हिंदुस्थान सरकारनें नेमलेल्या प्लेग कमिशननेंही पिसूच्या मतास महत्त्व दिलें नाहीं. अशा रीतीनें खरें उत्तर हातीं असतां तें कित्येक वर्षें बाजूस पडून राहिलें.

त्यावरील धूळ झटकली गेली ती मुंबईंत. परळच्या प्रयोगशाळेंत काम करणारे डॉक्टर ग्लेन लिस्टन उंदरांवरील पिसवांचा अभ्यास करीत होते. १९०३ सालीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंत ठेवलेले गिनी पिग एकाएकीं मरूं लागले. त्यांस प्लेग झाला होता, आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा होत्या. पुढें एका चाळींत उंदीर मेल्यावर रहिवाशांस पिसवांचा उपद्रव सुरू झाला, तेव्हां त्यांच्या अंगावरील पिसवांतही उंदरांच्या पिसवा पुष्कळ निघाल्या. उंदीर संपले, कीं भुकेलेली पिसू माणसाकडे वळते, हें यावरून दिसलें.

१९०५ सालीं विलायतेहून आलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळानें परळ येथें या मताची कसून परीक्षा घेतली. मुद्दाम बांधलेल्या लहान खोल्यांत निरोगी आणि प्लेगनें ग्रासलेले गिनी पिग एकत्र ठेवले. पिसवा नव्हत्या तेथें ते एकमेकांस खेटून राहिले, तरी रोग पसरला नाहीं. पिसवा सोडतांच तो पसरला. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी मेला. दोन फुटांवर टांगलेला वांचला, कारण पिसूची उडी तेथवर पोहोंचत नाहीं. पिंजऱ्याभोंवतीं चिकट कागद पसरला, तर आंतील माकड सुखरूप राही आणि कागदाला पिसवा चिकटलेल्या सांपडत. हवा, घाण आणि स्पर्श हे संशयित एकेक करून सुटले आणि पिसू पकडली गेली. शेवटचा दुवा १९१४ सालीं लंडनमध्यें बॅकॉट व मार्टिन यांनीं जोडला: जंतूंच्या वाढीनें पिसूचा अन्नमार्ग तुंबतो, तिची भूक भागत नाहीं, म्हणून ती पुन्हापुन्हा चावते आणि ओढलेलें रक्त जंतूंसह जखमेंतच परत सोडते. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यांतून माणसाकडून माणसाकडे जातो, हें खरें. पण गांठीच्या प्लेगची वाट हीच.

शोध लागला म्हणून मृत्यु त्याच दिवशीं थांबला नाहीं. १९०७ या एकाच वर्षांत हिंदुस्थानांत दहा लाखांहून अधिक माणसें प्लेगनें दगावलीं. वाल्देमार हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतलेली लस उपलब्ध होती. परंतु ती सर्वांपर्यंत पोहोंचवितां येत नव्हती. रोग बरा करणारीं औषधें तर बऱ्याच वर्षांनंतर आलीं. मात्र काय करावयाचें तें आतां स्पष्ट झालें. धान्य उंदरांपासून राखणें, उंदीर पडतांच घर सोडणें, आणि उंदीर मारण्याबरोबर पिसवाही मारणें, हे उपाय कोणाच्याही देवघरांत बूट न घालतां करण्यासारखे होते.

पूर्वींचे अधिकारी दुष्ट होते आणि नंतरचे शहाणे निघाले, असा सोपा निवाडा येथें करतां येणार नाहीं. गटारें धुणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण मनापासून कष्ट करीत होते. उणीव होती ती लोकांनीं पाहिलेल्या गोष्टीस पुरावा मानून तिची परीक्षा करण्याची. चाळींतील बाई 'उंदीर पडला' म्हणून सांगत होती. तें ऐकून पिंजरा आणि पिसू घेऊन बसण्यास शास्त्रास दहा वर्षें लागलीं.

१९९४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं पुन्हा उंदीर मरूं लागले आणि गांवकरी पिसवांच्या उपद्रवाची तक्रार करूं लागले. त्याच्या आदल्या वर्षींच्या सप्टेंबरांत किल्लारीचा भूकंप झाला होता. मागोमाग गांठीचे रोगी दिसूं लागले. या वेळीं पिसवा मारण्यासाठीं गांवांत फवारणी झाली आणि रोग्यांस टेट्रासायक्लीनसारखीं औषधें मिळालीं. गांवकऱ्यांनीं सांगितलेली खूण तीच होती, जी मांडवीच्या आणि पुण्याच्या लोकांनीं शंभर वर्षांपूर्वीं सांगितली होती. फरक इतकाच, कीं ती ऐकणाऱ्यास आतां तिचा अर्थ ठाऊक होता.