ध्वज, वस्त्र आणि दंड : ‘काळा स्वातंत्र्यदिन’ वादाचे पुनर्वाचन

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 15 ऑगस्ट 1972 रोजी पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाने दलितांच्या स्थितीवर विशेषांक काढला. त्याचे संपादन अनिल अवचट यांनी केले होते. त्यातील राजा ढाले यांच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाने जे वादळ उठवले, त्याची नोंद दलित चळवळीच्या इतिहासात ठळकपणे होते. वाङ्मयीन विचारात मात्र ती ‘असभ्य भाषेचा प्रसंग’ एवढ्यापुरतीच उरते. वस्तुतः हा वाद मुळात वाचनाचा होता. एका विधानाचा कोणता भाग वाचायचा आणि कोणता वगळायचा, यावर त्यातील पक्ष ठरले.

लेखाला निकटची पार्श्वभूमी होती. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांना विवस्त्र करण्यात आले होते. पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यातील बावडा येथे दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला होता. ढाले यांनी दोन दंड शेजारी ठेवले. दलित स्त्रीचे वस्त्र फेडणाऱ्यास पन्नास रुपये, आणि राष्ट्रध्वजाचा अवमान करणाऱ्यास तीनशे रुपये. ही तफावत असेल तर त्या ध्वजाचे करायचे काय, असा प्रश्न त्यांनी अत्यंत ग्राम्य शब्दांत विचारला. दुर्गा भागवत यांनी त्यावर जाहीरपणे तीव्र आक्षेप घेतला. मुंबईतील वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार या वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या आणि तरुण लेखकांच्या वर्तुळातून पुढे आलेले दलित पँथरचे कार्यकर्ते ढाले यांच्या पाठीशी उभे राहिले. काही महिन्यांपूर्वीच स्थापन झालेली ही संघटना या वादामुळे महाराष्ट्रभर ज्ञात झाली.

येथे ‘साधने’ची परंपराही लक्षात घ्यावी लागते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून 1947 मध्ये उपोषण करणाऱ्या साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 रोजी हे साप्ताहिक सुरू केले. दलितांविषयीची करुणा हा त्याचा वारसाच होता. परंतु करुणेच्या भाषेत बोलणारा हा नेहमी दुसऱ्याविषयी बोलत असतो. ढाले यांच्या लेखात तो ‘दुसरा’ स्वतःच बोलू लागला आणि आपली भाषा यजमानाच्या अभिरुचीनुसार बेतण्यास त्याने नकार दिला. हा नकार आकस्मिक नव्हता. ‘सत्यकथे’च्या वाङ्मयीन सत्तेविरुद्ध लघुअनियतकालिकांनी जे बंड पुकारले होते, त्यात ढाले अग्रभागी होते. शिष्ट भाषा ही निःपक्षपाती नसते, ही तेथील जाणीव त्यांनी राजकीय लेखनात आणली.

आक्षेपकांचे लक्ष मुख्यतः ध्वजाविषयीच्या शब्दांवर खिळले. पण विधानाची रचना सापेक्ष आहे. ध्वजाविषयीचा उद्गार स्त्रीविषयीच्या पूर्वार्धावर अवलंबून आहे; पूर्वार्ध गाळताच उत्तरार्ध निव्वळ शिवी बनतो. या अर्थाने ग्राम्य शब्द हा लेखाचा अलंकार नसून युक्तिवादाचा घटक ठरतो. वाचकाला ध्वजाच्या अवमानाने जेवढी चीड येते तेवढी स्त्रीच्या विटंबनेने येते का, याची ती परीक्षाच होती. लेखाचे स्वागत कसे झाले, यातच त्या परीक्षेचा निकाल लागला.

लेखातील आकडे कायद्याच्या पुस्तकात शोधू गेल्यास ते तसेच सापडत नाहीत. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविषयीच्या 1971 च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. स्त्रीच्या विनयभंगाबद्दल भारतीय दंड संहितेच्या 354 व्या कलमान्वये त्या वेळी कमाल शिक्षा दोन वर्षांची होती, तीही केवळ दंडावर भागू शकत होती. अस्पृश्यताविषयक 1955 च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. म्हणजे ढाले यांचे गणित शब्दशः घेता येत नाही. मात्र ज्या विषमतेकडे त्यांनी बोट दाखवले, ती खुद्द विधिसंहितेत होती. दलित व्यक्तीचे वस्त्र बळाने उतरवणे किंवा तिची नग्न धिंड काढणे हा स्वतंत्र गुन्हा ठरण्यास 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा यावा लागला. त्यात किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कैद सांगितली गेली. जे विधान 1972 मध्ये असभ्य ठरले, त्यातील आशय सतरा वर्षांनी कायद्याच्या भाषेत आला.

तथापि, दुर्गाबाईंच्या विरोधाला केवळ उच्चवर्णीय सोवळेपणा म्हणून निकालात काढणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. याच दुर्गाबाईंनी 1975 च्या कराड साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला आणि पुढे कारावास पत्करला. लेखकाच्या स्वातंत्र्याची त्यांची निष्ठा निर्विवाद होती. म्हणूनच ती निष्ठा येथे का अडखळली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सत्तेने लेखकावर लादलेली बंधने त्यांच्या टीकेच्या कक्षेत येत होती. प्रतीकांच्या पावित्र्याने दलित लेखकावर लादलेले बंधन मात्र त्या कक्षेबाहेर राहिले.

मर्यादा दुसऱ्या बाजूलाही होती. ढाले यांच्या युक्तिवादात स्त्रीदेह हा ध्वजाच्या तोलाचे प्रतीक म्हणून येतो : समाजाच्या अब्रूचे माप म्हणून. राष्ट्राची अब्रू ध्वजात आणि जातीची अब्रू स्त्रीत, ही मांडणी उलटवून वापरली तरी तिचा साचा तोच राहतो. लेखक, आक्षेपक, संपादक आणि कार्यकर्ते या सर्वांची मते वादात उमटली. ब्राह्मणगावच्या स्त्रियांचे म्हणणे मात्र त्यात कोठेच केंद्रस्थानी नव्हते. दलित स्त्रियांची आत्मकथने पुढील दशकांत येऊ लागली, तेव्हा या अनुपस्थितीची जाणीव स्पष्ट झाली. ‘काळा स्वातंत्र्यदिन’चे मोल मान्य करताना, ज्यांच्या नावे तो लिहिला गेला त्यांचे हे मौनही त्याच संहितेचा भाग म्हणून वाचावे लागते.