चिमुकल्या आगगाडीचे माप

गेल्या दिवाळीतील एक लहानशी हकीकत सांगून आजच्या विषयास आरंभ करतो. माझ्या भाच्यास आगगाडीचा विलक्षण नाद. त्याच्या काकांनी परदेशाहून येताना त्याच्यासाठी एक अत्यंत सुबक विजेचे इंजिन आणले. मी येथील दुकानातून रूळ आणि वीज पुरविणारा नियंत्रक खरेदी केला. रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर आणि इंजिनाच्या चाकांचे मापही तेच. भाऊबिजेच्या दिवशी सारे घर दिवाणखान्यात जमले. मुलाने इंजिन रुळांवर ठेवले, नियंत्रकाची मूठ फिरवली, आणि गाडी चालण्याऐवजी नियंत्रकावरील दिवाच विझला. मुलाचा चेहरा पाहवेना. दोष इंजिनात नव्हता, रुळांतही नव्हता. तो आम्हां दोघां खरेदीदारांच्या अज्ञानात होता.

ते अज्ञान दूर करण्याच्या निमित्ताने या छंदाचा इतिहास मी वाचू लागलो, आणि एक गोष्ट माझ्या मनावर ठसली. घरातल्या आगगाडीचा इतिहास हा प्रामुख्याने मापांवरील समेटाचा इतिहास आहे. जेथे समेट झाला तेथे छंद वाढला. जेथे तो झाला नाही तेथे लोकांची कपाटे निरुपयोगी इंजिनांनी भरली. ज्यांना हा छंद नव्याने सुरू करावयाचा आहे, त्यांनी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी हा इतिहास ऐकावा, हे बरे.

एकोणिसाव्या शतकात युरोपात खरी आगगाडी धावू लागली आणि तिच्या मागोमाग तिची खेळणीही आली. काही हाताने ओढावयाची, काही चावीची, तर काही स्पिरिटच्या दिव्यावर वाफ करून चालणारी. परंतु एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालेल, अशी खात्री नव्हती. जर्मनीतील गोपिंगेन गावी मेर्क्लिन घराण्याचा एक कारखाना १८५९ सालापासून होता. बाहुल्यांच्या घरातील पत्र्याची भांडीकुंडी करणे हा त्याचा मूळचा व्यवसाय. बाहुलीच्या घराची मौज अशी की, ते एकदा घेतले म्हणजे त्यात पुढे एकेक वस्तू भर घालता येते. हीच कल्पना या कारखान्याने आगगाडीस लावली. १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत त्याने चावीची आगगाडी मांडली. तिचे रूळ इंग्रजी आठाच्या आकृतीत जोडलेले होते. प्रथम एक संच घ्यावा, मग डबे, मग सांधे, मग स्टेशन, अशी ती योजना होती. अशा योजनेला ठरीव मापे अपरिहार्यच. म्हणून रुळांच्या रुंदीला क्रमांक देण्यात आले. त्यांपैकी क्रमांक एकचे माप पुढे ४५ मिलिमीटरवर स्थिरावले. त्याहून लहान माप जेव्हा निघाले, तेव्हा एकाच्या खाली शून्यच उरलेले. म्हणून त्याचे नाव शून्य पडले. त्याची रुंदी ३२ मिलिमीटर.

इंग्लंडात नॉर्थॅम्प्टन येथील वेनमन जोसेफ बॅसेट-लोक यांनी या खेळण्याला प्रतिकृतीची प्रतिष्ठा मिळवून दिली. न्युरेंबर्गच्या बिंग कारखान्याशी त्यांनी संधान बांधले आणि खऱ्या इंग्रजी इंजिनांसारखी दिसणारी इंजिने तेथे करवून घेतली. पहिल्या महायुद्धानंतर लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी या क्षेत्रात उतरले. भोके पाडलेल्या पट्ट्यांचे ‘मेकॅनो’ हे खेळणे ज्यांच्या बुद्धीतून निघाले, तेच हे हॉर्नबी. त्यांच्या चावीच्या आगगाड्या १९२० साली बाजारात आल्या. त्याही शून्य मापाच्याच.

परंतु शून्य मापाच्या गाडीला वळण घ्यावयास मोठी जागा लागे. मध्यमवर्गीयांच्या घरांत ती कोठून असणार? बॅसेट-लोक यांच्या प्रेरणेने बिंग कारखान्याने १९२२ साली मेजावर मावेल अशी आगगाडी काढली. शून्याहूनही लहान म्हणून तिच्या मापाला दोन शून्ये देण्यात आली. तो कारखाना पुढे बुडाला. पण त्या घराण्यातील स्टेफान बिंग यांनी ‘ट्रिक्स’ नावाच्या कंपनीमार्फत १९३५ साली लहान मापाची विजेची आगगाडी आणली. त्याच वर्षी मेर्क्लिननेही आपली लहान गाडी काढली. ज्या राज्यात हे खेळणे इतके भरभराटीस आले, त्याच राज्यातील ज्यूद्वेष्ट्या राजवटीमुळे बिंग यांना १९३८ साली कंपनी सोडून इंग्लंडात आश्रय घ्यावा लागला.

येथून एक मोठा बेबनाव सुरू होतो, आणि नवशिक्याने तो नीट समजून घेतला पाहिजे. शून्य मापात खऱ्या गाडीच्या एका फुटास सात मिलिमीटर धरीत. त्याचे निम्मे साडेतीन मिलिमीटर. या निम्म्या प्रमाणास युरोपात व अमेरिकेत ‘एचओ’, म्हणजे अर्धे शून्य, असे नाव पडले. हे प्रमाण एकास ८७ असे आहे, आणि साडेसोळा मिलिमीटरचा रूळ त्यास बरोबर शोभतो. परंतु इंग्लंडातील खरी इंजिने युरोपातील इंजिनांहून बांध्याने लहान. त्यांची निमपट प्रतिकृती केली, तर त्या काळच्या विजेच्या मोटारी तिच्या पोटात मावेनात. म्हणून इंग्रजांनी रूळ तोच ठेवला, आणि वरील गाडी मात्र फुटास चार मिलिमीटर या प्रमाणाने किंचित मोठी केली. इंग्लंडातील ‘डबल ओ’ ती हीच. अचूक पाहिले, तर त्या प्रमाणाला १८.८३ मिलिमीटरचा रूळ हवा. तेव्हापासून इंग्रजांची गाडी रुळाच्या मानाने रुंद दिसते, आणि ही तडजोड आजतागायत चालू आहे.

दुसरा बेबनाव विजेचा. दोन रुळांपैकी एकातून वीज आणावी व दुसऱ्यातून परत न्यावी, हे दिसावयास सरळ; पण त्यासाठी डाव्या-उजव्या चाकांचा परस्परांशी विद्युत्संबंध असता कामा नये. शिवाय गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट परतली की, डावा रूळ उजव्या रुळास जाऊन मिळतो आणि शॉर्ट सर्किट होते. ही कटकट टाळण्यासाठी अनेकांनी मध्ये तिसरा रूळ घातला. १९३८ साली निघालेली ‘हॉर्नबी डब्लो’ गाडी अशीच तीन रुळांची होती. ती मजबूत होती आणि लोकप्रियही झाली. परंतु १९५० नंतर प्लॅस्टिकच्या, स्वस्त आणि दोन रुळांवर चालणाऱ्या गाड्या आल्या. डब्लोने १९५९ साली दोन रूळ स्वीकारले खरे, पण तोवर उशीर झाला होता. १९६४ साली तिची मालक कंपनी प्रतिस्पर्धी लाइन्स ब्रदर्सच्या हाती गेली, आणि ज्या घरांनी वर्षानुवर्षे तीन रुळांचे सामान जमविले होते, त्यांना नवे सामान मिळेनासे झाले. मेर्क्लिनने मात्र तिसरा रूळ सोडला नाही. त्याने तो स्लीपरांतील बारीक स्पर्शबिंदूंच्या रूपात लपविला. आमच्या घरचे कोडेही येथेच सुटते. काकांनी आणलेले इंजिन मधल्या रुळाच्या पद्धतीचे होते. त्याची दोन्ही बाजूंची चाके धातूने एकमेकांशी जोडलेली. दोन रुळांवर ठेवताच त्याने दोन्ही रूळ एक केले, आणि नियंत्रकाने आपले कर्तव्य केले!

समेटाची उदाहरणेही सांगितली पाहिजेत. अमेरिकेत १९३५ साली मिलवॉकी येथे छंदिकांची एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. रूळ, चाके व जोडणी यांची मापे तिने ठरवून दिली, आणि निरनिराळ्या कारखान्यांचे सामान एकत्र चालू लागले. एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालविणाऱ्या अंकीय नियंत्रणाचे नियमही याच संस्थेने १९९०च्या दशकात घालून दिले. १९६० साली न्युरेंबर्गच्या आर्नोल्ड कारखान्याने नऊ मिलिमीटर रुळाची गाडी काढली. तिची डबे जोडण्याची पद्धत इतर कारखान्यांनीही उचलली, आणि ‘एन’ हे माप जगभर रुजले. मेर्क्लिनने १९७२ साली साडेसहा मिलिमीटरचे ‘झेड’ माप काढून या लघुतेची त्या काळची परिसीमा गाठली.

आपल्या देशापुरता विचार केला, तर आणखी एक अडचण दिसते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या गाडीच्या रुळांतील अंतर पाच फूट सहा इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर होते. एचओ प्रमाणात त्यास सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ हवा. बाजारात मिळतो तो साडेसोळाचा. ज्यास भारतीय गाडी करावयाची आहे, त्याने एकतर ही पावणेतीन मिलिमीटरांची उणीव मान्य करावी, नाहीतर रूळ स्वहस्ते घालावेत. मात्र १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या दोन फुटी गाडीला ही अडचण फारशी नाही. फुटास चार मिलिमीटर धरल्यास तिला आठ मिलिमीटरचा रूळ लागतो, आणि एन मापाचा नऊ मिलिमीटरचा तयार रूळ तिच्या पुष्कळ जवळ जातो. असे छंद आपल्याकडे कोणी करीत नाही, असेही नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. नवशिक्याने ते अवश्य पाहावे.

आता खरेदीसंबंधी दोन शब्द. पहिला विचार जागेचा करावा, इंजिनाचा नव्हे. एचओ किंवा डबल ओ मापाच्या गाडीस वळण्यासाठी पंधरा ते अठरा इंच त्रिज्या लागते. म्हणजे फळी साडेतीन-चार फूट रुंद हवी. एन मापास दोन-अडीच फूट पुरतात. मुंबईच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात भिंतीशी उभी करून ठेवता येईल अशी फळी या मापाचीच असू शकते. मात्र लहान मुलांच्या हातांस आणि वृद्धांच्या डोळ्यांस मोठे माप सोयीचे. माप एकदा ठरले की, दोन रूळ की मधला स्पर्श, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे. नियंत्रक आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालणारा आहे, याची खात्री करावी. अमेरिकेतील उपकरण तेथील निम्म्या दाबासाठी केलेले असते आणि ते येथे थेट लावणे धोक्याचे आहे. रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत. नाव काहीही असो, या धातूत चांदी नसते. तो तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्रधातू असून पितळेच्या मानाने त्याच्यावरील थर विजेला कमी अडवतो. आपल्या दमट किनारपट्टीत हा गुण मोठा. तरीही रूळ आणि चाके वरचेवर पुसावी लागतातच. आरंभी एक वर्तुळ, एक चांगले इंजिन व तीन-चार डबे एवढेच पुरे. पहिला सांधा दोन-चार महिन्यांनी घ्यावा. तोवर आपणास मालगाडी आवडते की मेल, हे कळून चुकते.

माझ्या भाच्याने आता एक वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर रुळांची रुंदी, प्रमाण, विजेचा प्रकार आणि जोडणीची पद्धत अशा चार ओळी त्याने लिहून ठेवल्या आहेत. कोणी नवी वस्तू देऊ केली की, तो प्रथम ती वही पुढे करतो. काकांच्या इंजिनासाठी त्याच जातीचे रूळ मिळविण्यास आम्हांस चार महिने लागले. पण आता ते धावते. परवा त्याला विचारले, तुझ्या गाडीत सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती? इंजिनाकडे न पाहता त्याने वहीवर बोट ठेवले.