लडोगाचा बर्फ : वजन की वेग?

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी लेनिनग्राडचा (आजचे सेंट पीटर्सबर्ग) खुष्कीचा शेवटचा मार्ग तोडला. उरले फक्त लडोगा सरोवर. २० नोव्हेंबरला शहरातील मुलांच्या वाट्याचा पाव दिवसाला १२५ ग्रॅमवर आला. त्याच सुमारास सरोवर गोठू लागले आणि २२ नोव्हेंबरला मालमोटारींचा पहिला तांडा बर्फावरून, सुमारे ३० कि.मी.चे अंतर तोडायला निघाला.

या मोटारी बहुतांशी दीड टनी ‘गाझ-एए’, मागे उघडा हौदा असलेल्या. टनभर माल घेतलेल्या मोटारीला निदान २० सें.मी. जाडीचा बर्फ हवा, असा ठोकताळा होता. म्हणून सुरुवातीला हौद्यात थोडीच पोती भरत आणि काही माल मागे बांधलेल्या घसरगाडीवर ठेवत. चालक दार उघडे ठेवून गाडी हाकत. त्या थंडीत हे सुखाचे नव्हते, पण बर्फ फुटलाच तर उडी मारता येई.

तरीही मोटारी बुडत. त्यातही कोडे असे, की धान्याने लादलेल्या मोटारी शहराकडे सुखरूप येत आणि माणसे घेऊन परतणाऱ्या, त्यामानाने हलक्या मोटारी बुडत!

लेनिनग्राडच्या भौतिकी-तंत्र संस्थेतील पावेल कोबेको व नऊम रेइनॉव्ह यांनी याचा छडा लावला. रेइनॉव्ह यांनी बर्फाचे वाकणे आपोआप नोंदवणारे उपकरण तयार केले. नोंदींवरून दिसले, की ताशी ३५ कि.मी.च्या आसपास धावणारी मोटार सर्वांत धोक्याची. मोटारीखाली बर्फ किंचित खचतो आणि त्याखालच्या पाण्यात लाट उठते. मोटार लाटेच्याच वेगाने धावली, तर लाट तिला सोडून पुढे जात नाही की मागे पडत नाही. तिच्यात ऊर्जा साठत जाते आणि बर्फ अधिकाधिक वाकतो. हलकी मोटार साहजिकच जोरात हाकली जाई, आणि नेमकी या वेगात सापडे.

हे गणित फळ्यावर करता येईल. उथळ पाण्यातील लांब लाटेचा वेग म्हणजे खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. खोली १० मीटर धरली, तर तो सेकंदाला सुमारे ९.९ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ३६ कि.मी. येतो. खोली कमी, तसा धोक्याचा वेगही कमी.

मग चालकांसाठी नियम ठरले : हा वेग टाळा, शेजारून जाऊ नका, पुढच्या गाडीला ओलांडू नका. २४ एप्रिल १९४२ पर्यंत या वाटेने ३ लाख ६१ हजार टन माल आत आला आणि पाच लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. शेवटच्या दिवसांत मोटारी बर्फावर साचलेल्या पाण्यातूनच चालत होत्या.