विजेच्या सायकलीची मोटर

साध्या सायकलीस विजेची मोटर जोडून ती घरच्या घरीं चालती करावी, ही हौस अगदीं अलीकडची आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तिला सव्वाशेंहून अधिक वर्षें होऊन गेलीं. आणि विशेष असें कीं, आज अंगणांत सायकल उलटी टेकून मोटर निवडावयास बसलेल्या मनुष्यापुढें जे प्रश्न येतात, तेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेंतील कारागिरांपुढें होते. मोटर किती शक्तीची घ्यावी, हा प्रश्न प्रथम तोंडीं येतो. परंतु ती किती वेगानें फिरते आणि सायकलीवर कोठें बसवावयाची, हे दोन प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत, अशी या इतिहासाची साक्ष आहे.

या हकीकतीचा आरंभ पॅरिस शहरीं होतो. गुस्ताव्ह त्रूवे (१८३९–१९०२) हा तेथील एक कसबी उपकरण-निर्माता. १८८१ सालच्या एप्रिल महिन्यांत त्यानें इंग्लंडांतील कॉव्हेन्ट्री येथें बनलेल्या तीनचाकी सायकलीस दोन लहान मोटरी जोडल्या आणि ती भर रस्त्यांत चालवून दाखविली. सायकल, घट आणि स्वार मिळून सुमारें १६० किलो वजन होतें. वेग ताशीं सुमारें १२ किलोमीटर मिळाला. वीज पुरविणारे शिशाचे घट प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधून काढिले होते.

त्रूवेनें मोटर मात्र जशीच्या तशी घेतली नाहीं. सीमेन्सच्या पद्धतीच्या लहान मोटरींत एक दोष होता. तिच्या प्रत्येक फेऱ्यांत अशी एक जागा येई कीं, तेथें चुंबकाची ओढ जवळजवळ नाहींशी होई. मोटर नेमकी तेथें थांबली तर आपण होऊन पुन्हां सुरू होत नसे. कारखान्यांतील यंत्रास हा दोष एक वेळ चालेल. चवाठ्यावर क्षणभर थांबून पुढें निघावयाच्या वाहनास तो कसा चालावा? त्रूवेनें मोटरीच्या फिरत्या गाभ्याच्या कडांना गोगलगाईच्या शंखासारखा बांक देऊन ती मृत जागा घालविली. त्याच वर्षीं त्यानें आपली मोटर सेन नदीवरील एका नावेसही लाविली.

पुढल्याच वर्षीं, १८८२ सालीं, लंडन येथें एअर्टन आणि पेरी या दोघां प्राध्यापकांनीं अशीच एक तीनचाकी तयार केली. यांपैकीं एअर्टन हा पूर्वीं हिंदुस्थानच्या तार-खात्यांत नोकरीस होता. त्यांची मोटर सुमारें अर्ध्या अश्वशक्तीची असून तिची गति दांत्यांच्या चक्रांनीं मोठ्या चाकाकडे नेलेली होती.

हीं दांत्यांचीं चक्रें कशासाठीं, हें थोड्या हिशोबानें स्पष्ट होईल. अठ्ठावीस इंची सायकलीचें चाक एका फेऱ्यांत सुमारें सव्वादोन मीटर पुढें जातें. म्हणजे ताशीं २५ किलोमीटर वेगासही त्यास मिनिटास दोनशेंपेक्षां कमीच फेरे पुरतात. उलट लहान, हलकी मोटर मिनिटास हजारों फेरे फिरते तेव्हांच आपली खरी शक्ति देते. चाक मंद आणि मोटर चपळ, असा हा विजोड संसार आहे. तो जुळवावयाचा कसा, हाच निवडीचा गाभा होय.

याचें एक उत्तर अमेरिकेंतील ओग्डेन बोल्टन (धाकटा) यानें दिलें. १८९५ सालच्या ३१ डिसेंबरास त्यास मिळालेल्या पेटंटांत मोटर मागील चाकाच्या हबांतच बसविली आहे. दांत्यांचीं चक्रें मुळींच नाहींत. रचना सुटसुटीत, झिजणारे भाग थोडे. परंतु मंद फिरणाऱ्या मोटरीकडून जोर काढावयाचा तर प्रवाह भरपूर द्यावा लागतो. बोल्टनच्या योजनेंत १० व्होल्टच्या बॅटरींतून १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घेण्याची सोय होती! प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता चौपट होते, हा नियम त्याच्याही मोटरीस चुकला नसता. दुसरें उत्तर बोस्टनच्या होझिया लिबी याचें. १८९७ सालच्या त्याच्या पेटंटांत दुहेरी मोटर पायडलांच्या आंसापाशीं आहे.

मोटर हबांत कीं पायडलांपाशीं, हा वाद असा १८९७ सालींच मांडला गेला होता. तो मिटला नाहीं, कारण शिशाच्या घटांचें ओझें कोणतीच मोटर हलकें करूं शकत नव्हती. आणि पेट्रोलची मोटारसायकल पुढें निघून गेली. निओडायमियमचे जोरदार चुंबक १९८० नंतरच्या दशकांत आले आणि लिथियमच्या बॅटऱ्या १९९१ सालीं बाजारांत आल्या, तेव्हां हा विषय पुन्हां जिवंत झाला. जपानांत यामाहा कंपनीनें १९९३ सालीं पायडलांपाशीं मोटर असलेली सायकल विकावयास काढली. पाय जितका जोर लावील त्या मानानें मोटर साह्य देई.

आज घरीं सायकल जोडणाऱ्यापुढें मुख्यतः तीन वाटा आहेत. बिनगिअरची हब-मोटर टिकाऊ आणि निःशब्द, पण वजनदार. आंत दांत्यांचीं चक्रें असलेली हब-मोटर हलकी आणि चढावर उपयोगी, पण तिचे दांते झिजतात. पायडलांपाशींची मोटर सायकलीच्याच गिअरांचा लाभ घेते, पण साखळीवर ताण आणते. आणि साध्या, एकाच गिअरच्या काळ्या सायकलीस तो लाभ मिळतच नाहीं. महाग मोटर घेऊनही पदरीं निराशा येते ती येथें.

शक्तीचा हिशोब त्यानंतरचा. स्वारासह १०० किलो वजन, विसास एक असा चढ, आणि ताशीं १२ किलोमीटर वेग धरला, तर नुसत्या चढासाठीं सुमारें १६५ वॉट लागतात. सामान्य मनुष्याचे पाय बराच वेळ ७५ वॉटच्या आसपास देऊं शकतात. तेव्हां पाय चालते ठेवणाऱ्यास २५० वॉटची मोटर थोडी नव्हे. भारतांत २५० वॉटपेक्षां कमी शक्तीच्या आणि ताशीं २५ किलोमीटरपेक्षां कमी वेगाच्या बॅटरी-वाहनास नियमांनीं मोटार-वाहन मानिलेलें नाहीं. मात्र ती सूट चाचणी-संस्थेनें तपासून मान्य केलेल्या वाहनास आहे, घरीं जोडलेल्या सायकलीस ती आपोआप लागू होत नाहीं. जादा शक्तीचा मोह आणखी एका कारणानें टाळावा. हब-मोटर चाकास जेवढ्या जोरानें पुढें लोटते, तेवढ्याच जोरानें आपला आंस उलट पिळते. पुढच्या फोर्कची पातळ खांच त्या पिळानें फांकली, तर चाक धावत्या सायकलीखालून निसटतें. आंसास लोखंडी आडपट्टी लावून ती फोर्कशीं घट्ट बांधणें हा त्यावरील स्वस्त उपाय आहे.

त्रूवेच्या सायकलीस शक्ति बेताचीच होती. पण वाहन थांबल्यावर पुन्हां निघेल ना, याचा विचार त्यानें मोटर जोडण्यापूर्वीं केला. रोजच्या वाटेवरील सर्वांत मोठा चढ, अंगावरील ओझें आणि सायकलीचे गिअर आधीं पाहून मग दुकानाची पायरी चढणारा मनुष्य त्याच्याच मार्गानें जात असतो.