स्टार्च-प्रथिनांची फिल्म

* इथे अभिप्रेत असलेली फिल्म मक्याची साखर आंबवून मिळणाऱ्या पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडची नव्हे. मक्याचा स्टार्च पाण्यात साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याचे कण फुगतात, अमायलोज बाहेर पडते. हे मिश्रण पातळ पसरून वाळवले की साबुदाण्याच्या पापडीसारखा अर्धपारदर्शक पापुद्रा सुटतो. नुसता पापुद्रा ठिसूळ, म्हणून त्यात ग्लिसरॉल घालतात. पण ग्लिसरॉल ओलावा ओढते आणि दमट हवेत फिल्म लिबलिबीत होते. खरी अडचण हीच. मक्यातलेच झेइन हे पाण्यात न विरघळणारे प्रथिन मिसळल्यास ती कमी होते, संपत नाही. कोरड्या पदार्थांच्या वेष्टनासाठी हे ठीक. दुधाच्या पिशवीलाही ही फिल्म चालेल, हा दावा मात्र उतावीळ वाटतो. — संपा.