समथरचा किल्ला, सुभेदारसाहेब आणि बारा व्होल्ट

झाशीहून कानपूरच्या रस्त्याने मोठपर्यंत जायचं आणि तिथून आत वळायचं, की समथर येतं. हे एकेकाळचं गुर्जर राजांचं छोटं संस्थान. 1817 मध्ये त्यांनी इंग्रजांशी तह केला. किल्ला आजही गावावर उभा आहे. मी मात्र किल्ल्यासाठी गेलो नव्हतो. आमच्या युनिटमधले एक निवृत्त सुभेदारसाहेब तिथे राहतात. त्यांच्या गच्चीवर तारेचा अँटेना आहे आणि खोलीत हौशी रेडिओचं स्टेशन. झाशीकडे पोस्टिंग असेपर्यंत सुट्टीचा रविवार मी तिथेच काढायचो.

जूनमधल्या एका संध्याकाळी धुळीचं वादळ आलं आणि लाइट गेली. "बैटरी है ना, साहब," मी म्हणालो. मीटर 12.6 दाखवत होता. साहेबांनी माइक दाबला आणि दुसऱ्याच शब्दाला सेट बंद पडला. पुन्हा दाबला, पुन्हा बंद. महिनाभर बॅटरी अर्धवट उतरलेली पडून होती, आणि तिची देखभाल मी अंगावर घेतली होती. साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, आज किसी को हमारी ज़रूरत नहीं थी. इसलिए बच गए."

ते वाक्य मला लागलं, त्याला कारण आहे. मी उमरगा तालुक्यातला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. सुमारे दहा हजार माणसं गेली. आत्याचं गाव किल्लारीच्या बाजूला. ती जिवंत आहे हे कळायला आम्हाला दोन दिवस लागले, तेही वडील चालत गेले म्हणून. पुढे समजलं, की त्या दिवसांत बाहेरून आलेले हौशी रेडिओवाले भूकंपाच्या भागातून निरोप पोचवत होते. फोन नाही, वीज नाही, अशा जागी बोलायचं तर स्वतःची वीज सोबत न्यावी लागते.

तशी दूरच्या निरोपाची आणि बॅटरीची सोबत जुनीच. 1854 मध्ये कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली, ती तार रासायनिक घटांवरच चालायची. 1857 मध्ये बंडवाल्यांनी ठिकठिकाणी ती तोडली, तेव्हा घट शाबूत असूनही निरोप थांबले. बिनतारी आल्यावर गोष्ट उलटी झाली. तोडायला तार उरली नाही, पण वीज संपली की सगळं संपलं.

भारतात हौशी रेडिओ 1921 च्या सुमारास कलकत्त्यात अमरेंद्र चंद्र गुप्तू यांच्यापासून सुरू झाला असं मानतात. दुसऱ्या महायुद्धात सरकारने परवाने रद्द केले. तरीही 1942 मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला, त्यामागे हौशी रेडिओवाल्यांचे हात होते. स्वातंत्र्यानंतर 15 मे 1948 रोजी या लोकांचा देशव्यापी क्लब निघाला, तो महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये. म्हणजे या छंदाचं एक मूळ आपल्या फौजेत आहे.

दुसरं मूळ बॅटरीत आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या सेटला दोन प्रकारची वीज लागे: फिलामेंट तापवायला थोडे व्होल्ट आणि पुढच्या कामाला शेकडो. महायुद्धातला रणगाड्यांमधला 19 नंबरचा सेट गाडीच्या बॅटरीवर चाले आणि फिरतं यंत्र तिचे व्होल्ट वाढवून देई. युद्धानंतर असे जुने फौजी सेट हौशी लोकांच्या हाती आले. आजचा बहुतेक हौशी सेट 13.8 व्होल्टचा असतो, कारण चालत्या गाडीत बॅटरी साधारण तेवढीच देते.

आता हिशेब. 100 वॅटचा सेट ऐकताना साधारण 1 अँपिअर घेतो, बोलताना 20 पर्यंत. माणूस थांबत थांबत बोलतो, म्हणून बोलण्याची सरासरी 10 धरा. पाव वेळ बोललो, तर तासाला सव्वातीन अँपिअर-तास जातात. 100 अँपिअर-तासाच्या लेड-अॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे पंधरा तास. तोच सेट 10 वॅटवर आणला तर 30 तासांच्या वर. संकटात मोठ्याने बोलण्यापेक्षा जास्त वेळ बोलता येणं महत्त्वाचं.

आमची चूक साधी होती. भार नसताना मीटर जे दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नये. अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं. व्होल्ट दिसतात, पण भार पडला की कोसळतात. आता साहेबांकडे नियम आहे: दर रविवारी मेन स्विच बंद करून तासभर बॅटरीवरच बोलायचं, मग पूर्ण चार्ज. बॅटरी हवेशीर जागी, आणि फ्यूज तिच्या प्लसच्या टोकाशीच.

फौजेत आपण शस्त्र रोज साफ करतो, रोज लढाई नसते तरी. ती बॅटरी त्याच रांगेत बसते. माझी बदली झाली आहे, पण रविवारी संध्याकाळी साहेबांना फोन करतो आणि एकच प्रश्न विचारतो: "साहब, लोड पर कितना?"

जय हिंद.